दारूने, नशेत की दारूपायी?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ चार महिन्यांपूर्वी गेला. वय ४४. मित्राच्या घरी काही जण जमले होते, मद्यपान झाले आणि रात्री अकराच्या सुमारास तो बोलता बोलता आडवा झाला. ‘झोपेल म्हणजे उतरेल’ असे म्हणून मित्रांनी त्याला आतल्या खोलीत उताणे झोपवले. सकाळी सात वाजता तो निष्प्राण आढळला. शवविच्छेदनाच्या अहवालात ‘जठरातील द्रव्य श्वासमार्गात गेल्याने श्वासावरोध’ हे निकटचे कारण आणि त्याखाली ‘तीव्र मद्यविषबाधा’ हे मूळ कारण लिहिले आहे. तो रोज पिणारा नव्हता. एक नातेवाईक सांगतात की मृत्यूनंतर शरीरात अल्कोहोल आपोआप तयार होते, त्यामुळे अहवाल चुकीचा असावा. आईला तो शब्द कागदावरून काढून हवा आहे. मित्रांवर राग धरावा की नाही, हे मला कळत नाही. भावाचा १९ वर्षांचा मुलगा विचारतो, ‘बाबा नेमके कशाने गेले?’ आणि आई रोज रात्री एकच विचारते, ‘त्याला त्रास झाला असेल का?’ अहवालाची प्रत सोबत पाठवत आहे. – एक बहीण

उत्तर : ताई, तुमचे पत्र आणि अहवालाची प्रत मी लक्षपूर्वक वाचली. प्रश्न पाच-सहा दिसत असले तरी त्यांच्या मुळाशी एकच समज आहे, असे मला वाटते. कागदावर मद्याचे नाव आले म्हणजे भावाच्या चारित्र्यावर शेरा मारला गेला, असे तुमच्या घरी सर्वांनी धरून घेतले आहे. तसे झालेले नाही. मृत्यूचे कारण लिहिणारा डॉक्टर माणसाची वर्तणूक तपासत नसतो; शेवटच्या श्वासापासून मागे मागे जात, घटनांची साखळी कोठून सुरू झाली एवढेच तो शोधत असतो. हे त्याने नातलगांना समोर बसवून सांगायला हवे. पुष्कळदा ते होत नाही, आणि मग घरच्यांना त्या चार ओळी एकमेकांना वाचून दाखवत अर्थ लावावा लागतो.

आधी थोडे शब्दांविषयी बोलू, कारण तुमच्या पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर शब्दांतच दडलेले आहे. मद्याशी निगडित मृत्यूविषयी आपण मराठीत तीन तऱ्हांनी बोलतो. ‘दारूपायी गेला’, ‘नशेत गेला’ आणि ‘दारूने गेला’. बोलताना आपण यांतला भेद पाळत नाही, पण शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहिले की या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत हे दिसते.

दारूपायी जाणे म्हणजे वर्षानुवर्षांच्या सेवनाने यकृत, स्वादुपिंड किंवा हृदयाचा स्नायू निकामी होऊन जाणे, किंवा मद्यामुळे बळावलेल्या कर्करोगाने जाणे. अशा माणसाच्या रक्तात मृत्यूच्या वेळी अल्कोहोलचा थेंबही नसू शकतो. इतकेच नव्हे, तर दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने ते एकाएकी बंद केले, तर पुढच्या दोन-चार दिवसांत झटके येऊन आणि भ्रमिष्टावस्था येऊन, उपचार न मिळाल्यास, तो दगावू शकतो. तेव्हा मारणारी गोष्ट म्हणजे मद्याचा अभाव असतो, आणि तरीही साखळीचे पहिले टोक मद्यच असते. तुमच्या भावाच्या अहवालात यकृताचे वर्णन सर्वसाधारण आहे, हृदय आणि स्वादुपिंडही तसेच. हा प्रकार येथे नाही. आईला हे आवर्जून सांगा.

नशेत जाणे हा प्रकार सर्वांत पसरट आणि सर्वांत फसवा आहे. तोल जाऊन जिन्यावरून पडणे, उथळ पाण्यात बुडणे, पेटती सिगारेट हातात असताना झोप लागणे, रस्ता ओलांडताना वाहनाखाली येणे, थंडीच्या रात्री उघड्यावर पडून राहणे. या शेवटच्यात तर मद्य दुहेरी दगा देते : त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावल्याने माणसाला ऊब वाटते, आणि त्याच वाटेने शरीरातील उष्णता झपाट्याने बाहेर जाते. १९६३ मध्ये हॉगन या अमेरिकी डॉक्टरने हॉटेलात जेवता जेवता कोसळलेल्या काही माणसांविषयी लिहिले. हृदयविकाराचा झटका आला असे ज्यांच्याविषयी सर्वांनी मानले, त्यांच्या स्वरयंत्राच्या तोंडाशी अन्नाचा मोठा घास अडकलेला होता, आणि अशा घटनांत बहुधा मद्याचा हात असतो, कारण नशेत घशाची जाणीव बोथट होते. मला मात्र सर्वाधिक अस्वस्थ करतो तो डोक्याचा मार. माणूस पडतो, कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत जाते, बोलणे अडखळते, शुद्ध हरपते, आणि आजूबाजूचे म्हणतात की जास्त झाली आहे. जिवंतपणी नशा आणि मेंदूवरचा दाब यांत फरक करणे अनुभवी डॉक्टरलाही सोपे नसते. तुमच्या भावाचे डोके म्हणूनच उघडून पाहिले गेले. त्यात काही आढळले नाही, आणि ‘काही आढळले नाही’ हे वाक्य अहवालातील महत्त्वाच्या वाक्यांपैकी एक आहे.

अशा बहुतेक मृत्यूंत मूळ कारण म्हणून मद्याचे नाव येत नाही. रस्त्यावर वाहनाने उडवलेल्या मद्यधुंद पादचाऱ्याचे मूळ कारण अपघात हेच लिहिले जाते. रक्तातील अल्कोहोल फार तर प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात, हातभार लावणारी बाब म्हणून नोंदवले जाते, आणि अनेकदा तेथेही राहून जाते. त्यामुळे प्रमाणपत्रांची नुसती बेरीज केली तर मद्याचा वाटा प्रत्यक्षापेक्षा फार लहान दिसतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणूनच वेगळ्या रीतीने अंदाज काढते. तिच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगभरात सुमारे २६ लाख मृत्यूंना मद्य कारणीभूत होते, म्हणजे एकूण मृत्यूंच्या ४.७ टक्के. त्यांतील सुमारे १६ लाख असंसर्गजन्य आजारांचे, सुमारे ७ लाख २४ हजार इजांचे आणि उरलेले संसर्गजन्य रोगांचे होते. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘दारूपायी’ आणि ‘नशेत’ या दोन शब्दांतच हा आकडा जवळजवळ संपतो.

आता ‘दारूने जाणे’. अल्कोहोल मेंदूला वरून खाली गुंगवत जाते, असे ढोबळपणे म्हणता येईल. आधी विवेक आणि संकोच, मग बोलणे आणि तोल, मग जाग, आणि सर्वांत शेवटी मेंदूच्या देठातील ती केंद्रे, जी आपल्या नकळत श्वास चालू ठेवतात आणि घशात काही आले की खोकला आणतात. रक्तातील प्रमाण १०० मिलिलिटरमागे १५० ते २०० मिलिग्रॅमपर्यंत पोचले की चाल लटपटते; ३०० च्या आसपास माणूस हलवूनही नीट जागा होत नाही; ४०० च्या पुढे निव्वळ श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. या रेषा ठाम नाहीत. रोज पिणारी माणसे ४०० च्या पुढेही चालता-बोलताना आढळली आहेत, आणि ज्याला सवय नाही त्याला ३०० च्या आतही धोका असतो. झोपेच्या गोळ्या किंवा अफूवर्गीय वेदनाशामके सोबत असतील तर हे आकडे आणखी खाली येतात. उपाशीपोटी प्यायलेल्याच्या रक्तातील साखरही घसरू शकते, कारण मद्य पचवण्यात गुंतलेले यकृत नवी साखर बनवण्याचे काम मागे टाकते. तुमच्या भावाच्या तपासणीत अन्य औषधे आढळली नाहीत. रक्तातील अल्कोहोल २६५ मिलिग्रॅम होते.

केवळ २६५ वर श्वास थांबलाच असता, असे मी म्हणणार नाही. पण ठसक्याची प्रतिक्षिप्त क्रिया बंद पडायला तेवढे प्रमाण पुरेसे आहे, विशेषतः सवय नसलेल्या माणसात. मद्याने जठराच्या अस्तराला दाह होतो आणि उलटी येते. शुद्धीतल्या माणसाला ती खोकून बाहेर टाकता येते, कूस बदलता येते. उताण्या पडलेल्या, शुद्ध हरपलेल्या माणसाचे तसे होत नाही. वर आलेले द्रव्य घशात साचते आणि पुढच्या श्वासाबरोबर आत ओढले जाते. अहवालातील दोन ओळी परस्परविरोधी नाहीत, हे यावरून ध्यानात यावे. पहिली ओळ श्वास कशाने अडला ते सांगते. दुसरी, अडलेला श्वास मोकळा करून घेण्याची शक्ती कशाने गेली ते सांगते. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार मूळ कारण म्हणजे तो आजार किंवा ती इजा, जिच्यापासून मृत्यूपर्यंत नेणारी मालिका सुरू झाली. तुमच्या पुतण्याला उत्तर द्यायचे तर ते असे : बाबा दारूपायी गेले नाहीत, नशेत पडून-झडूनही गेले नाहीत, त्या एका रात्री शरीरात गेलेल्या मद्याने, म्हणजेच दारूने गेले.

येथे एक व्यावसायिक शंका मी स्वतःच उपस्थित करतो, कारण उद्या कोणी तरी ती तुमच्यापुढे मांडेल. जठरातील द्रव्य श्वासनलिकेत आढळणे एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मृत्यूच्या क्षणी किंवा मृतदेह उचलताना, हलवतानाही ते वर येऊन आत उतरते, आणि अगदी वेगळ्या कारणाने गेलेल्या अनेकांत ते दिसते. म्हणून केवळ मोठ्या नळीत द्रव्य दिसले म्हणून असे निदान लिहिणाऱ्या अहवालावर माझा विश्वास बसत नाही. तुमच्या भावाच्या अहवालात मात्र फुप्फुसातील अगदी बारीक शाखांपर्यंत अन्नकण पोचल्याची आणि सूक्ष्मदर्शकाखाली तेथील पेशींनी प्रतिक्रिया दिल्याची नोंद आहे. ते द्रव्य आत गेले तेव्हा तो श्वास घेत होता आणि त्यानंतरही काही वेळ जिवंत होता, असा तिचा अर्थ होतो.

शब्दयोजना डॉक्टरागणिक किती बदलते, याचे एक सर्वज्ञात उदाहरण देतो. १९८० च्या फेब्रुवारीत ‘एसी/डीसी’ या वाद्यवृंदाचा गायक बॉन स्कॉट लंडनमध्ये, रात्रीच्या मद्यपानानंतर, उभ्या मोटारीत मृतावस्थेत आढळला. कारण नोंदवले गेले ते तीव्र मद्यविषबाधा. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘लेड झेपलिन’चा ढोलवादक जॉन बॉनहॅम दिवसभरच्या मद्यपानानंतर झोपेतच गेला; तेथे उलटी श्वासमार्गात गेल्याने मृत्यू असे कारण ठरले आणि तो अपघाती मानला गेला. दोघांच्या शेवटच्या रात्री बऱ्याच सारख्या, मात्र एकाच्या कागदावर साखळीचे पहिले टोक ठळक झाले आणि दुसऱ्याच्या कागदावर शेवटचे. तुमच्या भावाच्या डॉक्टरांनी दोन्ही टोके लिहिली. मला ते अधिक प्रामाणिक वाटते.

नातेवाइकांची शंका निराधार नाही, पण येथे ती लागू पडत नाही. मृतदेह कुजू लागला की जिवाणू शरीरातील साखर आंबवतात आणि अल्कोहोल खरोखरच तयार होते. त्यासाठी वेळ आणि उष्णता लागते. भावाचे शव काही तासांतच शीतगृहात गेले होते आणि कुजण्याची खूण नव्हती. शिवाय नमुना हृदयातून न घेता मांडीच्या शिरेतून घेतला आहे, जेणेकरून जठरातून झिरपलेले मद्य त्यात मिसळू नये. बाटलीत सोडियम फ्लोराइड घातले होते, ज्याने नंतरचे आंबणे रोखले जाते. आणि सर्वांत भक्कम गोष्ट म्हणजे डोळ्याच्या गोलातील पारदर्शक द्रवही तपासला आहे. जिवाणू तेथे उशिरा पोचतात. त्यात पाण्याचा अंश रक्तापेक्षा जास्त असल्याने अल्कोहोलचे प्रमाणही थोडे अधिक येते. तो आकडा ३१० आहे, म्हणजे २६५ शी अपेक्षेप्रमाणे जुळणारा. या बाबतीत शंकेला जागा उरलेली नाही.

‘रोज पिणारा नव्हता, मग असे कसे?’ हे वाक्य तुमच्या पत्रात आहे. उत्तर थोडे क्रूर आहे : त्याला सवय नव्हती, हेही त्याला भोवले. मद्यविषबाधा आणि मद्याचे व्यसन हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला एका रात्रीच्या रक्ताविषयी बोलतो, दुसरा आयुष्याविषयी. अहवालात दुसरा शब्द कोठेही नाही.

मित्रांविषयी मी तोलून लिहितो, कारण कायदेशीर जबाबदारीचा निर्णय माझा नव्हे. वैद्यकीयदृष्ट्या त्यांनी केलेली चूक इतकी सर्वत्र केली जाते की तिला मी निष्काळजीपणापेक्षा अज्ञान म्हणेन. ‘झोपला की उतरते’ हे अर्धसत्य आहे. शरीर अल्कोहोल ठरावीक गतीनेच जाळते; सर्वसाधारण माणसात रक्तातील प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते, आणि झोप, कॉफी, थंड पाणी, लिंबू यांपैकी कशानेही ती गती वाढत नाही. २६५ शून्यावर यायला सतरा-अठरा तास लागले असते. दुसरे असे की शेवटचा पेला रिकामा झाल्यावरही जठरातले मद्य रक्तात उतरत राहते, त्यामुळे आडवा झालेला माणूस पुढचा अर्धा-एक तास सुधारत नसतो, आणखी खोल जात असतो. मित्रांनी दार लोटले तेव्हा तो त्यांना जसा दिसला, त्याहून वाईट अवस्था अजून यायची होती. ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, तुम्हालाही नव्हती, आणि खरे सांगायचे तर वैद्यकीय महाविद्यालयात जाण्यापूर्वी मलाही नव्हती. राग येणे स्वाभाविक आहे, तो येऊ द्या. मात्र त्यांनी त्याला मरायला सोडले, असे वाक्य पुतण्यासमोर उच्चारू नका, कारण वस्तुस्थिती तशी नाही.

पुतण्या १९ वर्षांचा आहे, त्याच्याही मित्रांत असा प्रसंग येऊ शकतो. म्हणून त्याला उपदेश न करता फक्त माहिती द्या. नशेत आडवा झालेला माणूस हाक मारून, हलवून, चिमटा काढूनही डोळे उघडत नसेल. श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी वेळा होत असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून अधिक खंड पडत असेल. ओठ निळसर आणि अंग थंड, ओलसर लागत असेल. बेशुद्धीतच उलटी होत असेल, झटका आला असेल किंवा तो आधी डोक्यावर पडला असेल, तर ती झोप नव्हे, ती आणीबाणी आहे. यांपैकी एक खूणही पुरेशी आहे, रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत त्याला कुशीवर वळवून, वरचा गुडघा पुढे दुमडून ठेवावे, तोंड किंचित खालच्या बाजूला असू द्यावे. तोंडात बोटे घालून उलटी काढू नये, पाणी पाजू नये, न्हाणीघरात नेऊ नये. आणि खोलीत एकट्याला सोडू नये, कारण कुशीवर वळवलेला माणूसही पुन्हा उताणा होतो.

शब्द काढून घेण्याविषयी माझा सल्ला स्पष्ट आहे : तो खटाटोप करू नका. मृत्यूच्या कारणात वस्तुस्थितीची चूक असेल तर दुरुस्ती मागता येते; खरी असलेली गोष्ट बोचते म्हणून ती बदलून मिळत नाही, आणि कोणी तसे करून देण्याची तयारी दाखवली तर त्या माणसापासून दूर राहा. विम्याचा अर्ज भरताना प्रमाणपत्रात आहे तेच लिहा. कागदांतली विसंगती दाव्याला हमखास अडचणीत आणते. मद्याच्या उल्लेखाने काय होईल हे त्या विम्याच्या अटींवर ठरेल, म्हणून त्या आधी एखाद्या जाणकाराकडून वाचून घ्या. त्याऐवजी एक करा. ज्या डॉक्टरांनी शवविच्छेदन केले त्यांची अर्ध्या तासाची भेट मागा आणि आईला सोबत न्या. आमच्यातले बहुतेक जण नातलगांना टाळतात असे वाटते, पण विचारले तर बोलतात. ‘त्याचे यकृत कसे होते?’ हा प्रश्न आईने स्वतः विचारावा आणि उत्तर त्यांच्याच तोंडून ऐकावे.

आईचा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. उलटी घशात आल्यावर शुद्धीतला माणूस धडपडतो, उठून बसतो, पांघरूण फेकतो, भिंतीला हात मारतो. पंचनाम्यात नोंद आहे की त्याला ज्या स्थितीत झोपवले होते त्याच स्थितीत तो सकाळी आढळला आणि पांघरूण अंगावर नीट होते. नखांखाली, कोपरांवर, टाचांवर धडपडीची एकही खूण डॉक्टरांना मिळालेली नाही. ठसका उमटू न देणारी गुंगी ही वेदना आणि भीती जाणवण्याच्याही खालच्या पातळीची असते. आईला सांगा की त्याला कळले नाही. केवळ धीर देण्यासाठी मी हे लिहीत नाही. अहवाल वाचून लिहितो आहे.